जुन्या वळणाच्या बायका आणि मताचं बटण

कृष्णाकाठची_सून (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. विषय राजकारणाचा आहे, पण मला पक्षांची भांडणं इथे नको आहेत. मला आपल्या घरातल्या बायकांबद्दल बोलायचं आहे. ज्यांना आपण 'जुन्या वळणाच्या' म्हणतो त्यांच्याबद्दल.

माझं सासर सांगली जिल्ह्यातलं. घर माळकरी. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकादशी कधी मोडली नाही. वसंतदादांच्या काळापासून घराची निशाणी एकच, हात. २०२४ च्या लोकसभेला आमच्याकडे मशीनवर हात नव्हताच. महाविकास आघाडीत जागा उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला गेली आणि दादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, निशाणी लिफाफा. मी चार दिवस कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिफाफा काढून त्यांना दाखवत होते. त्या म्हणाल्या, "दादांच्या घरचाच हाय नव्हं? मग हात असू दे न्हाय तर पाकीट." ही झाली एका पिढीची निष्ठा. ती पक्षाशीही नव्हती, एका घराशी होती.

आता माझी धाकटी जाऊ. वय सेहेचाळीस. थोरल्या माणसांसमोर पदर डोक्यावरून ढळत नाही. महिन्याचे चार दिवस अजून देवघराकडे फिरकत नाही, वटसावित्रीला पाणीही पीत नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेवढ्यात कुणाला मत द्यायचं हे तिनं एकदाही ठरवलं नव्हतं. मतदानाच्या सकाळी दीर सांगायचे, "वरनं तिसरं", आणि ती वरून तिसरं दाबून यायची.

२० नोव्हेंबर २०२४ ला सकाळी तिनं विचारलं नाही. माझ्या लक्षात आलं, मी गप्प राहिले. संध्याकाळी ती भाकरी थापत होती, डाव्या तर्जनीची शाई पिठाने पांढरी झालेली. दीर दारातून म्हणाले, "दिलंस न्हवं आपल्याला?" ती म्हणाली, "व्हय की," आणि भाकरी उलटली. मान वर केली नाही. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला वाणाची ताटं लावताना तिनं मला खरं सांगितलं. घरानं ठरवलेल्या उमेदवाराला मत दिलं नव्हतं, महायुतीला दिलं होतं.

का? तर दाढ. डावीकडची खालची दाढ दोन वर्षं दुखत होती. रात्री लवंग धरून झोपायची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे जुलै आणि ऑगस्टचे मिळून तीन हजार जमा झाले. जनधनचं ते खातं, इतकी वर्षं त्यातून विम्याचे बारा-वीस रुपये कापले जाण्यापलीकडे पासबुकात काही उमटलं नव्हतं. ती एसटीचं अर्धं तिकीट काढून एकटी तालुक्याला गेली आणि दाढेचं काम करून आली. मी विचारलं, "एवढं दुखत होतं तर घरात सांगितलं का नाहीस?" म्हणाली, "सांगायचं म्हंजे मागायचं."

माझं म्हणणं असं की तिचा धर्म, तिचं सोवळं, तिची सासर-माहेरची रीत, यातलं काही बदललेलं नाही. बदललं ते एवढंच की मत नवऱ्याच्या घरासोबत येतं ही समजूत सुटली. आणि हे फक्त माझ्या जावेचं नाही. आमच्या बचत गटात अकरा जणी आहेत, त्यातल्या पाच-सहा जणींनी हळूहळू असंच काहीबाही सांगितलं. कुणी इकडून तिकडे गेली, एक तिकडून इकडे आली. तुमच्या घरात काय झालं ते लिहा. पक्षाची बाजू घेऊ नका, घरातलं लिहा.

आकडेमोड

धागा आवडला. एकच सावधगिरी. मत गुप्त असतं. किती बायका मतदानाला आल्या हे निवडणूक आयोग सांगतो, त्यांनी कुणाला मत दिलं हे कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही. सर्वेक्षणं असतात, तीही अंदाजच.

पण जे मोजता येतं तेही थोडं नाही. १९६२ च्या लोकसभेला देशात पुरुषांचं मतदान ६३ टक्के होतं आणि बायकांचं जेमतेम ४७. २०१९ ला पहिल्यांदा बायका पुरुषांच्या किंचित पुढे गेल्या. महाराष्ट्र विधानसभेला २०१९ मध्ये बायकांचं मतदान ५९ टक्क्यांच्या आसपास होतं, २०२४ ला ते ६५ च्या वर गेलं. लोकसभेला ४८ पैकी ३० जागा जिंकलेल्या आघाडीच्या तिन्ही मोठ्या पक्षांना मिळून सहा महिन्यांनी विधानसभेत २८८ पैकी ४६ मिळाल्या.

हे सगळं लाडक्या बहिणीच्या खात्यावर टाकू नका एवढीच विनंती. लोकसभेला कांदा होता, सोयाबीनचा भाव होता, संविधान बदलतील ही भीती होती, मराठा आरक्षणाचा राग होता. नोव्हेंबरपर्यंत त्यातलं बरंच निवळलं होतं, पुरुषांचं मतदानही वाढलं होतं. पण ताईंनी दाढेचं लिहिलं तसं काही कुठल्याच तक्त्यात सापडत नाही, म्हणून असे धागे हवेत.

लालबागची_पायरी

ताई, मी पुरुष आहे, साठीचा. माझ्या घरात तिघी जणी तीन दिशांना गेल्या, म्हणून लिहितो.

आमचं घर गिरणगावातलं. वडील गिरणीत. १९८२ चा संप झाला तेव्हा मी सतरा-अठरा वर्षांचा होतो. आई आधी लाल बावट्याच्या मोर्चांना जायची आणि मग शिवसेनेच्या शाखेत जायला लागली. कारण सरळ होतं. नळाला पाणी नाही, जावयाने मुलीला मारलं, रेशनवाला साखर देत नाही, कशालाही शाखेत गेलं की दोन तासांत चार पोरं यायची. आई रोज तुळशीला पाणी घालणारी, शेजारच्या परपुरुषाशी कधी मोठ्याने बोलली नाही. पण महिला आघाडीच्या बायकांसोबत पोलीस स्टेशनच्या पायऱ्या चढली. परंपरेतल्या बाईला घराबाहेर पडायला जी परवानगी लागते ती तिला शाखेनं मिळवून दिली. हे बाहेरच्यांना कळायला अवघड जातं.

२०२२ च्या जूनमध्ये पक्ष फुटला. बायको म्हणाली, बाळासाहेबांचं घर जिथे, तिथे आपण. मेव्हणी ठाण्याला, ती शिंद्यांकडे गेली. तिचंही कारण खोटं नव्हतं. तिच्या मुलाच्या आजारपणात रुग्णालयातली खाट तिकडच्या माणसाने मिळवून दिली होती. २०२३ च्या संक्रांतीला या दोघी सख्ख्या बहिणी दोन वेगळ्या हळदीकुंकवांना गेल्या. एकमेकींना तिळगूळ दिला तो तिसऱ्या दिवशी, आमच्या घरी, माझ्यासमोर, आणि दोघी रडल्या.

पण खरा प्रसंग आईचा. तेव्हा ती चौऱ्याऐंशी वर्षांची. फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण शिंदे गटाला मिळाला हे आम्ही तिला सांगितलं होतं, मशाल दाखवली होती. तिने मान डोलावली. मे २०२४ ला दक्षिण मुंबईत दोन्ही सेना समोरासमोर, मशीनवर धनुष्यबाणही आणि मशालही. मी तिला हाताला धरून केंद्रापर्यंत नेलं. आत ती बराच वेळ होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "हात दोन वेळा बाणाकडे गेला रे. देव्हाऱ्यातला देव बदलल्यासारखं वाटलं." शेवटी काय दाबलं ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. गेल्या वर्षी ती गेली.

तेव्हा 'निष्ठा बदलली' म्हणताना एवढं लक्षात घ्या की कित्येक जणी जागच्या हलल्याच नाहीत. त्यांच्या पायाखालची फरशी हलली.

मनीमाऊ_डोंबिवली

लालबाग काका, वाचून गलबलून आलं. आमच्या आजीचंही सेम, फक्त घड्याळावरून. पुतण्याने घड्याळ नेलं म्हणजे पवार साहेब कुठे गेले, असं ती विचारत राहायची.

स्पष्ट_बोलू_का

सर्वांचा मान राखून. दीड हजारात मत दिलं याला जागृती कशी म्हणायची? पैसा सरकारचा, म्हणजे आपलाच. त्यातून बायकांना लाभार्थी केलं आणि आपण त्याला स्वातंत्र्य म्हणतोय. माझी आई आयुष्यभर जनसंघ-भाजपची, तिला कुणी पाच पैसे दिले नाहीत. तिची निष्ठा विचारांची होती. तीच खरी निष्ठा असं मला मनापासून वाटतं. आता जो जास्त देईल त्याच्याकडे बायका जाणार असतील तर मला भीती वाटते.

गोरेगावची_आजी

स्पष्ट_बोलू_का, तुझी काळजी प्रामाणिक आहे म्हणून उत्तर देते. माझं वय आता एक्याऐंशी.

१९७२ ला मुंबईत महागाईविरोधी महिला समितीचे लाटणे मोर्चे निघाले. मृणालताई गोरे समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर कम्युनिस्ट. त्यांच्यामागे चालणाऱ्या आम्ही कोण होतो? नऊवारीतल्या, उपासतापास करणाऱ्या, घरात 'अहो' शिवाय नवऱ्याला हाक न मारणाऱ्या. माझे सासरे कट्टर काँग्रेसचे. आम्हाला समाजवाद कळत नव्हता. तेल कळत होतं, साखर कळत होती आणि पहाटे तीन वाजता नळाखाली लावलेली कळशी कळत होती. मृणालताईंना पाणीवाली बाई म्हणायचे ते उगीच नव्हे. १९७७ ला त्या लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिराबाई रायबरेलीत पडल्या, तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा आमच्या चाळीत पोरीबाळींच्या तोंडी होती. मी त्या वर्षी सासऱ्यांना न सांगता मत दिलं. ताई, तुमच्या जावेने भाकरी उलटली, मी दळण निवडत होते.

पाणी मागणं हा विचार नाही का? दाढेचं दुखणं थांबावं असं वाटणं हा विचार नाही का? तुझ्या आईचा विचार मोठाच होता, पण तिच्या घरात ठणकत्या दाढेला पैसे मागावे लागत नसतील, म्हणून तिला विचारांवर मत देता आलं.

कृष्णाकाठची_सून

आजी, तुम्हाला इथूनच नमस्कार.

स्पष्ट_बोलू_का, तुम्ही म्हणता तसं 'जो जास्त देईल त्याच्याकडे' झालं असतं तर नोव्हेंबरात निकाल उलटा लागायला हवा होता. आघाडीने महालक्ष्मी योजनेत दरमहा तीन हजार कबूल केले होते, एसटी पूर्ण मोफत. युतीने दीड हजारांचे एकवीसशे करू म्हटलं होतं. म्हणजे आश्वासनात आघाडी पुढे होती. आमच्या गटात यावर बोलणं झालं तेव्हा एक जण म्हणाली, "तीन हजार कागदावर हाईत, दीड हजार पासबुकात हाईत." बाजारात भाजी घेणारी बाई जसा हिशोब करते तसा हा हिशोब आहे. समोर तराजूत काय पडलं ते ती बघते.

आणि एक गोष्ट मला सलते. पंचवीस वर्षं तिचं मत घरातला पुरुष नेत होता. पार्टीचा माणूस येऊन दिरांशी बोलायचा, जेवणावळ पुरुषांची व्हायची, आणि घरातली चार मतं मोजून तो जायचा. तेव्हा कुणी म्हटलं नाही की हिचं मत कुणी घेतलं.

फोंड्याहून

गोव्यातलं सांगतो, कारण आमच्याकडे हे आधीच घडून गेलं आहे.

मुक्तीनंतर बहुजन समाजातल्या बायकांचा पक्ष म्हणजे मगो, महाराष्ट्रवादी गोमंतक. भाऊसाहेब बांदोडकर गेले १९७३ ला, मग त्यांची कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. माझी आजी देवळाच्या पालखीला जायची आणि सिंहाच्या निशाणीला मत द्यायची, दोन्ही एकाच श्रद्धेने. कुळकायद्याने जमीन हाताला लागली, गावात मराठी शाळा आली. पोटात अन्न आणि पोराच्या हातात पाटी, ही ती निष्ठा.

आई मगोतून भाजपकडे सरकली, १९९४ नंतर हळूहळू. तिची देवळं तीच, पालखी तीच, म्हणून तिला आपण कुठे गेलो असं वाटलंच नाही. २०१२ ला पर्रीकरांनी गृह आधार आणली, गृहिणीच्या खात्यात दरमहा पैसे. तेव्हा महाराष्ट्रात असं काही नव्हतं. आणि २०२२ ला काय झालं बघा. तृणमूल काँग्रेस बंगालमधून आली, प्रत्येक घरातल्या बाईला दरमहा पाच हजार देऊ म्हणून कार्डं वाटली. आमच्या वाड्यावर बायकांनी ती कार्डं जपूनही ठेवली. एकही आमदार निवडून आला नाही. आई म्हणाली, "ते उद्या गेले तर मी कुणाच्या दारात जाऊ?" स्पष्ट_बोलू_का यांच्या भीतीवर मला वाटतं हेच उत्तर आहे. ओळखीचा माणूस लागतो.

चंद्रपूरकर_लेक

मी थोडं विरुद्ध टोक सांगते. मिळालेल्या गोष्टीने निष्ठा बांधली जाते असं या धाग्यात हळूहळू ठरत चाललंय, ते पूर्ण खरं नाही.

आमच्या जिल्ह्यात दारूने घरं बसली. २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरपर्यंत बाया चालत गेल्या, विधानभवनावर. माझी मावशी त्यात होती. पायाला फोड आलेले, पाठीवर गोधडी. आयुष्यात ती तोपर्यंत माहेर आणि मार्कंडा सोडून कुठे गेली नव्हती. ज्यांना उभी बाटली-आडवी बाटली माहीत आहे त्यांना सांगायला नको. गावातल्या निम्म्याहून जास्त बाया मतदार आडव्या बाटलीवर शिक्का मारतात तेव्हा दुकान बंद होतं. आमच्याकडे बायांनी राजकारण शिकलं ते या बाटलीच्या चिठ्ठीवर, आमदार-खासदारांच्या चिठ्ठीवर नंतर.

२०१५ ला भाजप सरकारने जिल्ह्यात दारूबंदी केली. बायांनी औक्षण केलं. आणि २०१९ च्या लोकसभेला? अख्ख्या महाराष्ट्रात काँग्रेसची एकच जागा आली, ती चंद्रपूर. २०२१ ला आघाडी सरकारने बंदी उठवली. मावशी तीन दिवस जेवली नाही. तरी २०२४ च्या लोकसभेला बंदीसाठी झटलेले मुनगंटीवार मोठ्या फरकाने पडले आणि काँग्रेसच्या प्रतिभाताई धानोरकर निवडून आल्या.

मावशीला विचारलं, असं कसं? ती म्हणाली, बंदी होती तेव्हाही मागच्या दाराने मिळतच होती, महाग मिळायची, म्हणून घरातलं जास्त जायचं. आणि प्रतिभाताईंचा नवरा गेला, ती एकटी उभी राहिली, त्याचं तिला वाटलं. कायदा कुणी केला यापेक्षा तो घरात पोचला का, हे ती बघत होती. आणि समोर उभी असलेली बाई कोण आहे हेही.

मालेगाव_यंत्रमाग

अस्सलामु अलैकुम, नमस्कार. जुन्या वळणाच्या बायका म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर नऊवारी येते, म्हणून आमचंही लिहिते. आमच्या मोहल्ल्यात बुरख्याशिवाय बाई दाराबाहेर येत नाही. लाडकी बहीणचा फॉर्म आम्हीही भरला, पैसे आले, माझ्या वहिनीने त्यातून शिवणयंत्राची मोटर बसवली. पैसे देणाऱ्याला दुवाही दिली. पण मत गेलं नाही.

कारण मुलगा रात्री यंत्रमागावरून उशिरा घरी येतो तेव्हा तो सुखरूप यावा, ही आमची पहिली गरज आहे. सभांमधून जे बोललं जातं ते आम्हालाही ऐकू येतं. मालेगाव मध्यमध्ये त्या निवडणुकीत लढत झाली ती आपल्याच दोन माणसांत, आणि फरक पडला १६२ मतांचा. तिथे मात्र बायकांनी घरातल्या पुरुषांपेक्षा वेगळं मत दिलं असं मी स्वतः ऐकलं आहे. एका घरात अब्बा एकीकडे, अम्मी दुसरीकडे. पूर्वी हे होत नव्हतं.

कृष्णाकाठची_सून

मालेगाव ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. माझ्या डोक्यात हा कोपरा अंधारात होता. आणि चंद्रपूरकर, तुमच्या मावशीने माझं गणित चुकवलं, पण योग्य चुकवलं. मी पैशाला जरा जास्तच वजन दिलं होतं.

नर्मदातीरी

इंदूरहून. आमच्याकडे सुमित्राताई महाजन आठ वेळा खासदार, चिपळूणची लेक, त्यामुळे मराठी घरांतल्या बायकांचं मत कुठे जातं हा प्रश्नच नव्हता. बदल झाला तो आमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या, माळव्यातल्या खेड्यांतून आलेल्या बायकांत. त्यांची घरं पिढ्यानपिढ्या पंजाची. २०१८ ला इथे काँग्रेसचं सरकार आलं होतं. मग २०२३ च्या जूनपासून लाडली बहना, आधी हजार, निवडणुकीच्या तोंडावर साडेबाराशे. तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह, त्यांना त्या मामा आणि भैया म्हणायच्या. नोव्हेंबरात भाजपच्या २३० पैकी १६३ जागा आल्या.

आणि मुख्यमंत्री दुसरे झाले. माझ्याकडे येणारी बाई दोन दिवस कामाला आली नाही. आल्यावर म्हणाली, "राखी मामाला बांधली होती, पाटावर दुसरंच कुणी बसलं." पैसे चालू राहिले, वाढलेसुद्धा. तरी तिच्या बोलण्यात तो ओलावा पुन्हा आला नाही. पुढच्या निवडणुकीला ती काय करेल ते तिलाच ठाऊक, पण पक्षाने आपल्याला गृहीत धरलं हे तिला कळलं आहे.

बचतगट_अध्यक्षा

सगळं वाचलं. आता आजचं बोलू का? एकवीसशेचं नाव नाही, ते एक. दुसरं जास्त लागलं आहे. २०२५ मध्ये ई-केवायसी काढली. बाईच्या आधारासोबत नवऱ्याचं नाही तर वडिलांचं आधार मागितलं. मी सेवा केंद्रात गटातल्या बायकांसोबत तीन दिवस बसले. नवरा गेलेला, वडील गेलेले, अशी बाई काय करणार? नवऱ्याने टाकलेली, सोडचिठ्ठीचा कागद नसलेली बाई काय करणार? ओटीपी त्याच्या मोबाईलवर जातो, आणि तो मोबाईल त्याच्या दुसऱ्या घरी. नंतर मुदत वाढली, पण त्या रांगेत उभ्या बायकांची तोंडं मी विसरणार नाही. चौदा हजारांवर पुरुषांनी पैसे घेतल्याचं उघड झालं, म्हणजे तपासणी हवीच. पण चोर पकडताना विधवेला दारात उभं केलं.

धागाकर्तीच्या जावेचं मत नवऱ्यापासून सुटलं ते या खात्याच्या जोरावर. आता त्याच खात्याच्या कुलपाची किल्ली पुन्हा नवऱ्याच्या हातात दिली. बायका हे लक्षात ठेवतील, मला खात्री आहे.

आकडेमोड

अध्यक्षा ताई, हे तुम्ही लिहिलंत ते लेखी स्वरूपात जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे द्या, नावं-गावांसकट. तोंडी सांगितलेलं तिथेच विरतं. मसुदा करायला मदत लागली तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

लालबागची_पायरी

ताई, एक विचारायचं राहिलं. दिरांना शेवटी कळलं का?

कृष्णाकाठची_सून

कळलं, दादा. तिनेच सांगितलं, यंदा भाताची कापणी चालू असताना. दीर म्हणाले होते, बायकांना काय कळतंय राजकारणातलं. ती विळा खाली ठेवून म्हणाली, "मागल्या खेपंला मी तुमचं ऐकलं न्हाई, ते तरी कळलं का तुमास्नी?" दोन दिवस दीर बोलले नाहीत. जेवताना ताट सरकवायचे फक्त. सासूबाईंनी मध्ये पडून विषय मिटवला. म्हणाल्या, दादांच्या वेळी मी तरी कुणाला विचारून हात दाबत हुते. हे ऐकून आम्ही तिघंही सासूबाईंकडे बघत राहिलो. मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं की ती घराची निष्ठा होती. कदाचित ती त्यांची स्वतःची होती आणि आम्हीच ती घराच्या नावावर लावली.

परवा एका पक्षाचे चार कार्यकर्ते ओसरीवर आले. नेहमीसारखं दिरांशी बोलायला लागले. दीर सुपारी कातरत म्हणाले, "माझं मत माझ्यापाशी हाय. घरातल्या बाकी मतांचं आत विचारा." जाऊ पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. पदर डोक्यावर होताच. तिने विचारलं, आमच्या नणंदबाई विधवा आहेत, वडीलही नाहीत, त्यांची केवायसी कशी करायची ते सांगा. त्यातल्या एकाने वही काढून नणंदबाईंचं नाव लिहून घेतलं, उद्या येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. काल दुसऱ्या पक्षाचा पोरगा आला, मृत्यूचे दोन्ही दाखले घेऊन गेला आहे.